ब्याण्णवचा रिपोर्ट

वॉर्डात दाखल झाल्याच्या चौथ्या दिवशी घड्याळजींच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांच्या बायकोला आभाळ ठेंगणं झालं. कोलेस्टेरॉल फक्त ब्याण्णव! पंधरा वर्षं तिनं नवऱ्याच्या ताटात लोणी पडू दिलं नव्हतं. अंड्यातला पिवळा भाग तर ती स्वतःच खाऊन टाकायची. आता हृदय थकलं, पाय सुजले, दोन पावलांत धाप लागायची, ते वेगळं. पण रिपोर्ट कसा, आरशासारखा!

कागद नाचवत ती शेजारच्या खाटेपाशी गेली. तिथं हेच दुखणं घेऊन एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर पडला होता.

"तुमचं किती आलं हो?"

"दोनशे चाळीस," ड्रायव्हर ओशाळून म्हणाला.

"तरीच! जिभेला लगाम नको?" मग तिनं ड्रायव्हरच्या बायकोची अर्धा तास शिकवणीच घेतली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "उद्या घरी जा." घड्याळजींच्या कागदापाशी मात्र थबकल्या.

"ब्याण्णव? फारच कमी आहे."

"मीच आणलंय खाली!"

"आजी, हृदय एवढं कमकुवत असताना इतकं कमी येणं चांगलं लक्षण नसतं. शरीर आतून झिजत असलं की असं होतं. पथ्यामुळे झालं असं नाही म्हणत मी, पण..."

पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. डॉक्टरीणबाई गेल्या तशी ती स्टुलावर मटकन बसली. "मीच उपाशी मारलं हो तुम्हाला!"

चाळीस वर्षांत घड्याळजींनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. धाप आवरत ते म्हणाले, "अगं, तुझं पथ्य पाळलंय कुणी? दुकानात रोज पाव खायचो मी. दोन बोटं लोणी लावून."

रडणं थांबलं. "रोज?"

"रविवार सोडून."

"पंधरा वर्षं तोंडावर खोटं बोललात?" तिनं पिशवी उचलली. "मला संशय होताच! आता डबा आणेल तुमचा तो पाववाला!" आणि ड्रायव्हरच्या बायकोला सगळं सांगून ती तरातरा निघून गेली.

"काका, मानलं तुम्हाला," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

घड्याळजी छताकडे बघत राहिले. पंधरा वर्षांत त्यांनी लोण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती त्यांचं तोंड हुंगून बघायची, तरी कधी विश्वास बसला नाही. आज पहिल्यांदाच ते खोटं बोलले, आणि तिला एका झटक्यात पटलं.