गिरणीवाल्या अक्कांची चिठ्ठी

गरिबांच्या मुलींची शाळेची फी भरायला अक्का एका पायावर तयार असत. पण दर सहामाहीला मुलीनं गिरणीवर येऊन, गिरणी चालू असताना, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. पट्टा फटफटतोय, पिठाचा धुरळा उडतोय आणि एवढीशी मुलगी शिंका आवरत कांद्याचे भाव ओरडून वाचतेय, असा देखावा आमच्या पंचवटीच्या गल्लीत नेहमीचा होता. अक्कांना ऐकू गेलं की मुलगी पास. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे चुकीचं वाचलेलं खपे. दबकत वाचलेलं खपत नसे. या मुली वर्गात कविता म्हणायला उभ्या राहिल्या की शेजारच्या वर्गाचं गणित थांबतं, अशी मास्तरांची तक्रार होती.

अक्का मूळच्या पेठ तालुक्याकडच्या. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनीच चालवली. मूलबाळ नव्हतं. मी वरच्या मजल्यावर राहणारा सरकारी कारकून; म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे. मजकूर ठरलेला: 'ही चिठ्ठी आणणाऱ्या मुलीची वर्षाची फी गिरणीवर येऊन घेऊन जावी.' खाली अक्कांचा अंगठा. शाळेचं नाव नाही. मी एकदा सुचवलं, एखादी चांगली शाळा ठरवूनच टाकू. तर म्हणाल्या, "पोरगी जिची, शाळा तिनं ठरवायची. मी कोण मधी?"

फक्त आईनं आधी त्या शाळेत जाऊन तासभर वर्गात बसून यायचं. एका हेडमास्तरांनी कळवलं की वर्ग ही बघायला येण्याची जागा नव्हे. त्या वर्षी चिठ्ठीवाल्या तीन मुली पलीकडच्या शाळेत गेल्या. पुढच्या जूनमध्ये त्याच हेडमास्तरांनी वर्गात मागे स्टूल टाकलं आणि फी न्यायला काळा कोट घालून स्वतः आले. जाताना कोट पांढरा होता.

म्युनिसिपालिटीच्या शाळेबद्दल मात्र अक्कांचं मत कायमचं वाईट होतं. तिथल्या एका बाईंना त्यांनी भर वर्गात स्वेटर विणताना पाहिलं होतं. फुकटच्या शाळेला आईबापाची भीती नाय, असं त्या पीठ न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

आणि एका जूनमध्ये शांतानं चिठ्ठी परत आणली. शांता धर्मशाळेत भांडी घासायची. तीन शाळा फिरून तिनं मुलीला, सुमनला, म्युनिसिपालिटीच्याच शाळेत घातलं होतं. अक्कांनी कारण विचारलं.

"तिथल्या नव्या बाईंनी मला खुर्ची दिली, अक्का. बाकीच्यांनी दारात उभं केलं."

आईनं ठरवायचं हा अक्कांचाच नियम. त्यामुळे बोलायची सोय नव्हती. दोन दिवस सगळ्या गल्लीनं जाडंभरडं पीठ खाल्लं. तिसऱ्या दिवशी मी कचेरीला निघालो, तर वाटेत आडव्या आल्या. "चला भाऊ. तिथं फळ्यावर काय लिवलंय ते वाचायला माणूस पायजे."

वाटभर त्या नव्या बाईंना काय काय सुनावायचं याची उजळणी चालली होती. वर्गात सतरंजीवर वीस-पंचवीस मुली होत्या. बाई कोवळ्या वयाच्या. त्यांनी हसून विचारलं, "या. तुम्ही कुणाच्या?"

अक्कांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इतक्या मुलींची फी भरली होती, पण तशा त्या कुणाच्याच नव्हत्या.

पुढच्या रांगेतून सुमन म्हणाली, "माझी आजी आहे." आणि सतरंजीवर सरकून तिनं जागा केली.

बाई खुर्ची आणायला वळल्या, तोवर अक्का सुमनजवळ मांडी घालून बसल्याही होत्या. मी थोडा वेळ दाराशी थांबलो आणि कचेरीत गेलो. शाळा सुटेपर्यंत गिरणी बंद होती, असं घरी आल्यावर बायकोनं सांगितलं.

संध्याकाळी दळण घेऊन खाली गेलो आणि शाळा कशी वाटली ते विचारलं. फळा चिरलेला, माठाला झाकण नाय, बाईंचा आवाज बारीक, असं बरंच निघालं.

"आन् पोरगी चक्क खोटं बोलली," अक्का म्हणाल्या.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

त्यांनी माझी ज्वारी वरच्या डब्यात ओतली आणि हातानं सारखी केली.

"बोलले ना. निघताना बाजूला घेतलं तिला. म्हटलं, परत कुणी इचारलं तरी हेच सांग."