केळशीकरांचं घरगुती विधिमंडळ

रविवारी सकाळी केळशीकरकाका देवघरातली घंटा उचलत आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन वाजवत. पूजा केव्हाच आटोपलेली असे. ही घंटा सभागृह सुरू झाल्याची.

"देवाला किती वेळा उठवाल?" सुधाकाकू स्वयंपाकघरातून ओरडत.

ऐंशीच्या दशकातलं एडिसन, न्यू जर्सीतलं गाव. मी शेजारचा सडाफटिंग इंजिनियर. काकूंच्या पोह्यांवर डोळा ठेवून रविवारी हजर व्हायचो. काकांनी मला जिन्याची तिसरी पायरी दिली होती. ती प्रेक्षक गॅलरी. प्रेक्षकांना बोलायला मनाई, खायला परवानगी.

सदस्य तीन: काका, काकू आणि हायस्कूलमधली शलाका. तिने खोलीच्या दारावर 'कीप आउट'ची पाटी लावली, तेव्हा दुसऱ्या बापाने आकाशपाताळ एक केलं असतं. काकांनी खोलीला प्रांताचा दर्जा दिला! भिंतीवरची पोस्टर्स, केसांची लांबी आणि दार बंद असताना रेडिओचा आवाज, एवढे विषय प्रांताकडे. गाडी, टेलिफोन आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे. परराष्ट्र व्यवहार म्हणजे मुलगे.

तेव्हापासून काका प्रत्येक गोष्टीत एकच विचारत, "विषय कोणाच्या यादीतला?" दूध उतू चाललं तरी हेच.

"आधी गॅस बंद करा, मग याद्या बघा!" काकू म्हणत.

मतदान पसंतीक्रमाने. रविवारच्या जेवणाला शलाकाची पहिली पसंती पिझ्झा, काकूंची पिठलं-भात, काकांची थालीपीठ. सगळी बरोबरीत. मग दुसरी पसंती मोजायची, आणि दर वेळी उपमा निवडून यायचा. पहिल्या पसंतीचं त्या घरात कधीच कोणाला मिळालं नाही.

"हीच खरी लोकशाही," काका उपमा गिळत म्हणत.

एकदा शलाका सॉकरला निघाली होती. "बाबा, आई कॅन व्होट फॉर मी, ओके?"

"प्रॉक्सी चालणार नाही. सदस्य सदेह हजर पाहिजे. तिघं नाहीत तर कोरम नाही." पोरगी बिचारी बूट घालून ताटकळत बसली.

आणि मग खरा प्रश्न आला. शलाकाला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. इथलंही एक कॉलेज हो म्हणत होतं, घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. काकूंनी निक्षून सांगितलं, "एकुलती एक पोर. एवढ्या लांब नाही पाठवायची."

काकांनी गुप्त मतदान जाहीर केलं. बाथरूमचा शॉवर कर्टन आणून दोन खुर्च्यांना बांधला. एकेक जण आड जाऊन आला. चिठ्ठ्या उघडल्या. कॅलिफोर्निया दोन, न्यू जर्सी एक.

काकूंनी हिशेब एका क्षणात केला. "मी नाही दिलं. तिने दिलं. मग दुसरं कोणाचं हो?"

"मतदान गुप्त असतं, सुधा," काका छताकडे बघत म्हणाले.

पुढचा आठवडाभर मतदानाशिवाय उपमा होत राहिला.

शलाकाला विमानतळावर सोडून येताना गाडी मी चालवत होतो. काका नाक शिंकरून म्हणाले, "शिक्षण हा विषय तिच्याच यादीतला, यार. मी काय करणार?" मला 'यार' ते पहिल्यांदाच म्हणाले. त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं.

काकूंनी शिवणाचं मशीन वर शलाकाच्या खोलीत हलवायचं ठरवलं. "प्रांताच्या हद्दीत केंद्राला ढवळाढवळ करता येत नाही," काकांनी बजावलं. पोस्टर्स तशीच राहिली. पाटीही.

रविवारची घंटा मात्र चालू होती. काका हजेरी घेत. स्वतःचं नाव, काकूंचं, मग "शलाका केळशीकर." माझ्या डोक्यावरून ते जिन्याच्या वरच्या टोकाकडे बघत राहत. मग म्हणत, "कोरम नाही. सभा तहकूब." घंटा देवघरात परत जाई. मी पोह्यांची बशी तशीच ओट्यावर नेऊन ठेवी.

एका रविवारी असंच झालं. "शलाका केळशीकर," काकांनी पुकारलं. जिना गप्प. काका घंटा उचलून उठायला लागले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, फोडणीच्या धुरात, काकूंचा आवाज आला. शलाकाचा तोच कंटाळलेला अमेरिकन हेल.

"प्रेझेंट, बाबा!"

मी काकांकडे पाहिलं. आता प्रॉक्सीचा नियम निघणार!

काका सावकाश खाली बसले. चष्मा काढून पुसला.

"तिघं हजर," ते म्हणाले. "कामकाज सुरू."