सामाईक भिंतीचं अपील

शिंप्याच्या लेकीला, चिमीला, माध्यमिक शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. शाळा आणि शिंप्याचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही सामाईक. पण अंतर फाटकापासून मोजायचं असा नियम होता आणि फाटक पार पलीकडच्या रस्त्यावर. त्यामुळे चिमी नियमानुसार लांब राहत होती. तिला मिळालेली शाळा मात्र नियमाविनाच लांब होती. वाटेत बस बदलावी लागे, आणि एवढ्याशा पोरीला एकटीला धाडायचं म्हटलं की शिंप्याचा जीव खालीवर होई. त्याने अपील केलं.

सुनावणीला तो स्वतः शिवलेला कोट घालून गेला. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "मुलगी हुशार आहे?"

"फार हुशार आहे, बाई."

"मग कुठेही शिकेल. लिहून घ्या."

शिंप्याने जीभ चावली. "तशी बेताचीच म्हणा. गणितात तर कच्चीच."

"मग आमचा निकाल पाडेल. लिहून घ्या."

कारकुनाने दोन्ही लिहून घेतलं. शिंप्याच्या बायकोला राहवेना. "अहो बाई, आमच्या खिडकीतून अख्खा वर्ग ऐकू येतो. पोरगी भाजी निवडता निवडता धडे पाठ करते. इतकी जवळ आहे शाळा!"

समितीत कुजबुज झाली. मुलगी प्रवेश न घेता शिक्षण घेत असल्याचं पालकांनीच कबूल केलं होतं. अपील फेटाळलं गेलं आणि खिडकी बुजवण्याची नोटीस हाती पडली.

"तुला कोणी तोंड उघडायला सांगितलं होतं?" शिंपी घरी येऊन म्हणाला.

"तुम्ही तरी काय दिवे लावलेत? बेताची म्हणे!"

शिंप्याने विटा रचल्या. शेवटची वीट बसताना चिमी म्हणाली, "बाबा, थांबा ना. लढाई कोण जिंकलं ते वर्गातल्या बाई आत्ता सांगणारेत." वीट बसली.

पाहणीला आलेला अधिकारी मात्र चपापला. खिडकी बंद म्हणजे शिक्षण बंद, आणि तेही शाळेच्याच नोटिशीने! शाळेमुळेच ज्यांचं शिक्षण तुटलं अशा मुलांसाठी एक राखीव जागा होती. त्या जागेला पात्र ठरणारं मूल आजवर कोणी पैदाच केलं नव्हतं. चिमीला प्रवेश मिळाला. शाळेची व्यवस्था एकंदरीत न्यायी आहे, असं शिंप्याचं मत झालं. ते त्याने इतक्या ठिकाणी बोलून दाखवलं की पुढच्या वर्षी त्याला पालकांतर्फे समितीवर घेण्यात आलं.

पहिल्याच सुनावणीला शेजारची परटीण आली. तिची भिंतही शाळेला लागूनच. ओळखीचा चेहरा पाहून तिला हायसं वाटलं. "दादा, तुम्ही तर सगळं भोगलंय. तुम्हीच सांगा यांना."

शिंप्याने कोट सारखा केला. चिमीच्या वर्गात आधीच दाटीवाटी होती.

"मुलगा हुशार आहे?" त्याने विचारलं.

"फार हुशार आहे, दादा."

"मग कुठेही शिकेल. लिहून घ्या."

परटीण रडत बाहेर गेली. दारातल्या बाकावर ज्यांची पोरं आत शिकत होती असे पालक बसले होते. वर्गात आता मुंगी शिरायलाही जागा नाही, नियम कडक हवेतच, असं ते म्हणत होते. त्यांना नावं ठेवू नका. आपलं पोर आत बसल्यावर तुम्हीही हेच म्हणाला होतात.