माणूस मध्ये नको

तांबोळी सर फोन उचलत नाहीत. फोन टेबलावर त्यांच्या समोरच असतो. तो वाजतो, ते त्याच्याकडे शांतपणे पाहत राहतात, आणि वाजायचा थांबला की मेल पाठवतात : "आपला फोन आला होता. विषय कळवावा." मी शेजारच्या टेबलावर बसते, पण मलाही हाच न्याय. एकदा मी उठून विचारलं, "अहो, मी शेजारीच बसलेय ना?" तर म्हणाले, "म्हणूनच. समोरासमोर बोलण्यात फार वेळ जातो."

आम्ही दोघंही पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला. प्राध्यापकांचे छापून आलेले शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून आम्ही ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जमा करून ठेवतो. या साठ्याला रिपॉझिटरी म्हणतात. पूर्वी प्राध्यापकांनी आपला निबंध स्वतः आणून द्यावा अशी पद्धत होती. म्हणजे कुणी आणून देत नसे. आठवण केली की "बघतो" म्हणायचे. पुण्यात "बघतो" म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

तांबोळींनी हे दुखणं मुळापासून काढलं. त्यांनी अशी व्यवस्था लावून दिली की नियतकालिकात निबंध छापून आला की तो तिथून आपोआप आमच्याकडे येतो, लेखकाचं नाव आणि विभाग पाहून आपल्या जागी जाऊन बसतो, आणि लेखकाला तसा मेल जातो. "माणूस मध्ये नको," हे त्यांचं पालुपद. माणूस मध्ये आला की चूक होते, उशीर होतो, आणि वर त्याला चहा विचारावा लागतो.

ग्रंथालयाबाहेरही ते या तत्त्वाला धरून असतात. वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवे, पाण्याची मोटर, गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी, सगळं आपलं आपण चालतं. वाणी, दूधवाला यांच्याशी संबंध मोबाइलपुरता. लहानपण मात्र कसबा पेठेत गेलेलं, वडिलांची पानाची गादी होती. मी एकदा म्हटलं, तिथे किती माणसं येत असतील ना. "पान खायला दहा यायची, बोलायला शंभर," ते म्हणाले. "म्हणून तर गादी बंद पडली." त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला असते, हे मला इतरांकडून कळलं. त्यांनाच विचारलं असतं तर आधी विषय कळवावा लागला असता.

अशा या माणसाकडे एक जण मात्र नेमाने यायचे. डॉक्टर शरद कुलकर्णी, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच्या अभ्यासात त्यांनी सगळं आयुष्य घातलं. दर गुरुवारी खडकीहून बसने यायचे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये निबंधाची प्रत घेऊन. कारण त्यांचा निबंध तेवढा यंत्र घेत नसे. "एस. कुलकर्णी आपल्याकडे ढिगाने आहेत, सर. यंत्र गोंधळतं. बसा," असं तांबोळी म्हणायचे, आणि मग दोघं मिळून सगळी माहिती हाताने भरायचे. नवा निबंध नसेल त्या गुरुवारी जुन्या नोंदींतल्या चुका दुरुस्त व्हायच्या. या चुका करून कोण ठेवतं, असा प्रश्न मला पडायचा. चहा आणायला तांबोळी स्वतः खाली जायचे.

मला याचा संताप यायचा. म्हातारा माणूस, अलीकडेच पत्नी वारलेली, जिना चढताना मध्ये थांबून दम खातो, आणि हे त्याला हेलपाटे घालायला लावतात. ज्यांनी अख्खं विद्यापीठ मार्गी लावलं, त्यांना एक कुलकर्णी लावता येऊ नये?

त्यातच मूल्यांकन समिती येणार असं कळलं. ग्रंथपालांनी मला बोलावून बजावलं, "आपल्याकडे सगळे निबंध आपोआप जमा होतात, असं मी समितीला सांगणार आहे. ते कुलकर्णी प्रकरण तेवढं मिटवा. यापुढे कुणी हाताने निबंध आणून देता कामा नये."

मी बघायला बसले, तर अडचण काही सापडेना. हल्ली प्रत्येक संशोधकाला स्वतःचा क्रमांक असतो, नावं सारखी असली तरी क्रमांक वेगळे. डॉक्टरांना तो होता, त्यांच्या निबंधांवर छापलेलाही होता. मी तांबोळींसमोर जाऊन उभी राहिले.

"क्रमांक जुळतोय, सर. मग यंत्र नाकारतं कसं?"

"यंत्र कुठे नाकारतंय? मी त्यांना वगळलंय."

मी खुर्ची ओढून बसले. तांबोळी आपल्या की-बोर्डकडे पाहत बोलू लागले. "त्यांच्या मिसेस गेल्यानंतर त्यांचा एक निबंध छापून आला. यंत्राने घेतला, त्यांना मेल गेला. मजकूर मीच लिहिलेला. 'आपला निबंध जमा झाला आहे. आपण काहीही करण्याची आवश्यकता नाही.' दुसऱ्या दिवशी सर तो मेल छापून घेऊन आले. इथेच उभे होते. म्हणाले, तांबोळी, हल्ली घरी-दारी सगळे मला हेच सांगतात. तुमच्याकडे तरी काही काम निघेल का?" त्यांनी बोटाने की-बोर्डवरची धूळ पुसली. "मग मी काम काढलं."

 तरी ग्रंथपालांचा निरोप द्यायलाच हवा होता, तो दिला.

"तुम्ही मिटवा," तांबोळी म्हणाले. "माझ्या हातून ते व्हायचं नाही."

डॉक्टरांना आपणच नीट समजावून सांगावं, असं मी ठरवलं. गुरुवारी ते जिन्यात दम खात उभे होते, तिथेच त्यांना गाठलं. "सर, तुमच्या नावाची ती अडचण..."

"सुटली?" त्यांचा चेहरा उतरला. मग तेच हसले. "ती कधी नव्हतीच हो. दगडावरचे दोन सारखे डाग मी वेगळे ओळखतो, मला थाप ओळखता येणार नाही?"

"मग एवढे जिने चढून येता कशाला?"

"खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाच घर खायला उठायचं. आता येतो ते तांबोळीसाठी. वडिलांच्या गादीचं सांगतो, लेकीचं सांगतो, एकदा सुरू झाला की थांबत नाही. एरवी त्याला कुणाशी चार वाक्यं बोलताना तुम्ही ऐकलंय?"

मी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून नव्हतं ऐकलं.

"म्हणून हल्ली एका निबंधाचे तीन करतो," डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले. "विद्यार्थ्यांनी असं केलं की मी त्यांना झापायचो. त्याला मात्र यातलं काही सांगू नका. त्याला वाटतं, तो मला सांभाळतोय."

मी तशीच ग्रंथपालांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, ही अडचण सुटण्यासारखी नाही. "आडनावच तसं आहे, सर. पुण्यात त्याला इलाज नाही." ग्रंथपालांचं आडनावही कुलकर्णीच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. समितीला काय सांगायचं ते मी बघतो."

परत आले तेव्हा दोघं डोक्याला डोकं लावून बसले होते. 'पार्मोट्रेमा' हे त्या दगडफुलाचं शास्त्रीय नाव. इतक्या गुरुवारी ऐकून ऐकून त्याचं स्पेलिंग आता मलासुद्धा पाठ झालं आहे.

"सर, स्पेलिंग पुन्हा एकदा सांगता?" तांबोळींनी विचारलं.

डॉक्टर एकेक अक्षर सांगू लागले, अगदी सावकाश, आणि प्रत्येक अक्षरानंतर थांबत.