विमानाचे दोष

विमान विकायचं नाही, हे म्हाताऱ्या मेकॅनिकला मुलाच्या तोंडावर सांगता येईना. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. आता मुलगा त्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेणार होता, आणि तिथे विमानाला जागा नव्हती. म्हणून त्याने मनाशी ठरवलं, गिऱ्हाईक आलं की मालाची पुरेपूर बदनामी करायची.

गिऱ्हाईक आलं. जुनी, छोटी विमानं जमवणारा तो संग्राहक शेडच्या दारातच बूट काढावेत की काय, अशा विचारात उभा राहिला. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढेमागे दोन उघडी आसनं.

"रंग पार उडालाय हो," म्हातारा म्हणाला.

"म्हणजे मूळचाच! कुणी हात फिरवलेला नाही. वा!"

"इंजिन खोकतं. दमेकऱ्यासारखं."

"पण त्याच काळातलं आहे ना? अशी आता मोजकीच उरलीत, काका."

"मागच्या सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झालीत."

"म्हणजे चामडंसुद्धा बदललेलं नाही!" संग्राहकाचे डोळे पाणावले.

मुलगा बापाकडे थक्क होऊन पाहत होता. बाबा इतके मुरलेले विक्रेते असतील, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

संग्राहकाचा हात डाव्या पंखाखाली थबकला. "हे काय? फुलाफुलांचं कापड? आणि इतके गचाळ टाके कुणी घातले?"

सौदा मोडण्याची हीच संधी होती. म्हाताऱ्याने नुसती मान डोलवायची होती.

"गचाळ?" त्याचा आवाज चढला. "माळावर उतरताना कुंपण लागलं, पंख फाटला. हिनं डोक्याचा रुमाल सोडला, पर्समधली सुई काढली, आणि पंखाखाली उताणी पडून शिवलं. भर वाऱ्यात! उडत घरी आलो आम्ही, चालत नाही!"

"तुमच्या भावना कळतात, काका. पण हे मूळचं नाही. मला कापून काढावं लागेल."

"बाबा, वीतभर तर कापड आहे," मुलगा हळूच म्हणाला.

म्हातारा बराच वेळ पंखाखाली वाकून उभा राहिला. विमानाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो टाके पाहत होता.

"कापा," शेवटी तो म्हणाला. "पण ते मला द्या."

संग्राहकाने आनंदाने दिलं. अख्ख्या विमानात कवडीमोल असं तेवढंच होतं.

संध्याकाळी पंख उतरवलेलं विमान ट्रकवर चढलं आणि वळणाआड गेलं. शेडच्या फरशीवर तेलाचा डाग तेवढा उरला. मुलाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतंय, बाबा?"

"त्या माणसाचं वाटतंय रे," म्हातारा म्हणाला. "एवढ्या लांबून आला बिचारा, आणि रिकामंच विमान घेऊन गेला."