मोराच्या चादरीचं शीड

होडी चालवणं म्हणजे चादर वाळत घालणं. ह्यापलीकडे त्यात काही नाही!

हे वीरभद्रप्पांचं मत होतं, आणि हिप्परग्याच्या तलावात पाय घालायच्या आधीच त्यांनी ते बनवून टाकलं होतं. माणसाला कापड कळलं पाहिजे आणि वारा कळला पाहिजे, संपलं! सोलापुरात जन्मभर चादरीचं दुकान चालवलेल्या माणसाला कापड कोण शिकवणार? आणि वाऱ्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात गच्चीवर ओली चादर एकट्यानं दोरीवर टाकून बघा. वारा काय चीज आहे ते तिथंच कळतं. बायको दानम्मा गेल्यापासून वर्षभर अप्पा ती एकट्यानंच टाकत होते.

आता सदुसष्टाव्या वर्षी ह्या माणसाला शिडाच्या होडीची अवदसा का आठवली? हौस म्हणाल तर अजिबात नव्हती. पाण्याची तर भीतीच होती. फक्त पुण्याला जायचं नव्हतं!

वैजयंती ही त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात अकराव्या मजल्यावर राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची.

"अप्पा, घर बंद करा आणि या बघू इकडं."

"गुडघे दुखतात गं."

"लिफ्ट आहे."

"गड्ड्याची यात्रा आहे."

"ती जानेवारीत झाली. आता मार्च चालू आहे!"

"बरं, पाण्याचा दिवस कोण बघणार? पाच दिवसांतून एकदा नळ येतो. भरणार कोण?"

"अप्पा, घरात कोणी नसलं तर पाणी लागतंय कुणाला?"

हे इतकं बरोबर होतं की अप्पांना थकवाच आला. वर्षभर सगळे त्यांना जे बरोबर तेच सांगत होते. त्या थकव्यातच तोंडातून निघून गेलं, "मला जमणार नाही. मी होडी शिकतोय."

फोनमागचा टीव्ही बंद झाला.

"काय शिकताय?"

"होडी. शिडाची. क्लास लावलाय."

"सोलापुरात?"

"मग? सोलापुरात वारा नाही का?"

"वारा आहे हो, पाणी कुठाय?" पण वैजयंती दानम्माचीच मुलगी. ती म्हणाली, "ठीक आहे. रविवारी मी येते. होडी चालवून दाखवा, पुण्याचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारच्या गाडीनं गपचूप माझ्याबरोबर यायचं!"

झालं! आता होडी आणा कुठून?

होडी दोन घरं सोडून होती. बापूसाहेब नौदलातून रिटायर झालेले. येताना कुठूनशी एक जुनी शिडाची होडी घेऊन आले होते. ती त्यांच्या अंगणात पालथी पडलेली असायची आणि त्यांच्या मंडळी तिच्यावर पापड वाळवायच्या. अप्पांनी विषय काढला मात्र, बापूसाहेबांच्या मिशा उभ्या राहिल्या!

"वीरभद्रप्पा, होडी घोड्यासारखी असते. तुम्ही भ्यायलात की तिला कळतं!"

"मला घोडाही येत नाही," अप्पा म्हणाले.

शनिवारी शिडाची गुंडाळी सोडली, तर आतून उंदरांचं अख्खं खटलं बाहेर पडलं. शीड कुठलं, चाळणच ती!

"मुंबईहून मागवू," बापूसाहेब म्हणाले. "पंधरा दिवसांत येईल."

"पंधरा दिवसांनी मी अकराव्या मजल्यावर असेन! आणि काय हो, सोलापुरात बसून कापडासाठी मुंबईकडं बघायचं? लाज वाटत नाही?"

अप्पांमधला दुकानदार जागा झाला होता. पण घरातल्या रोजच्या चादरी धुऊन धुऊन विरल्या होत्या. धड अशी एकच उरली होती, ट्रंकेतली मोराची. मरून रंगाची, डबल, दोन मोर समोरासमोर. दुकानात माल उतरला त्याच दिवशी दानम्मानं ती बाजूला काढली होती. "पाव्हण्यांसाठी," म्हणाली होती. पुढं तिच्या पसंतीचा पाहुणा कधी आलाच नाही. जावयालासुद्धा तिनं साधी निळी दिली होती!

अप्पा बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसले. मग ट्रंकेकडं बघून म्हणाले, "एकच दिवस. थेंब लागू देणार नाही."

चादरीला सुई लावायची नाही, या अटीवर कोपऱ्यांना गाठी मारून दोऱ्या बांधल्या.

रविवारी पहाटेच टेम्पोतून होडी तलावावर गेली. वैजयंती स्टेशनवरून थेट तिथंच आली आणि बॅग घेऊन काठावर उभी राहिली. बापूसाहेबांनी पांढरी टोपी घातली, अप्पांनी लाइफ जॅकेट घातलं. होडी ढकलली, चादर वर चढवली, आणि काय सांगू! वारा आला आणि दोन्ही मोर लग्नातल्या व्याह्यांसारखे छाती काढून फुगले! होडी चालायला लागली!

"बघा!" अप्पा ओरडले. "म्हटलं नव्हतं? चादर वाळत घालणं!"

रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून बघू लागली. कोणीतरी म्हणालं, चादरीची जाहिरात चाललीय. लगेच मोबाईल निघाले. एकानं तर काठावरून हाक मारली, "ओ मामा, सिंगल हाय का डबल?"

"डबल!" अप्पांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "रंग जाणार नाही!"

तेवढ्यात वैजयंतीनं चादर ओळखली. तिनं बॅग टाकली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवत काहीतरी ओरडायला लागली.

"पोरगी खूश झाली बघा!" म्हणत अप्पांनीही दोन्ही हात वर करून हलवले.

शिडाची दोरी त्याच हातांत होती!

चादर भर्रकन दुसऱ्या बाजूला गेली. आडवी काठी फिरली आणि बापूसाहेबांची टोपी घेऊन गेली. होडी गोल फिरायला लागली.

"बापूसाहेब, आता काय करायचं?"

बापूसाहेब टोपीकडं बघत होते.

"अहो, नौदलात असं झालं की काय करायचे?"

"मी कँटीनला होतो."

"बोटीवरच्या ना?"

"लोणावळ्याच्या."

"अय्यो शिवने!" अप्पा म्हणाले.

चादरीचा एक कोपरा पाण्याला टेकला. सोलापुरी चादर पाणी पिते कशी, तर उन्हातून आलेल्या म्हशीसारखी! ती पीत गेली, होडी कलत गेली. शेवटी बाजूच्या माणसाला जागा करून द्यावी तशी होडी सावकाश आडवी झाली. बापूसाहेबांनी होडीला मिठी मारली, अप्पांनी चादरीला. जॅकेट अप्पांना वर ओढत होतं, चादर खाली ओढत होती, आणि अप्पा नाकापर्यंत तलावात.

ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा जोतिराम, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, हातानं पाणी मारत आला.

"अप्पा, ते घोंगडं सोडा की!"

"घोंगडं नाही! चादर आहे!"

"काय बी आसंल! लई जड झालंया. सोडा, न्हायतर दोगंबी तळाला जाशीला!"

"सोडणार नाही."

"आवं, बाजारातनं नवी आना की!"

"अशी मिळत नाही."

"चादरीचं दुकान व्हतं न्हवं तुमचं?"

अप्पांच्या तोंडात पाणी गेलं. ते थुंकून ते म्हणाले, "दुकानात मिळत नाही."

जोतिरामनं त्यांच्याकडं नीट बघितलं. चादरीचं एक टोक ट्यूबला बांधलं, दुसरं अप्पांच्या हातात ठेवलं. "धरा घट्ट. सोडू नगा म्हंजे झालं!" आणि मोठा मासा ओढावा तसं त्यानं अप्पांना काठाला आणलं. बापूसाहेब होडीसकट पलीकडच्या काठाला लागले. तिथं शेळ्या पाणी पीत होत्या, त्या बाजूला सरकल्या.

वैजयंती घोटाभर चिखलात उभी होती.

"हा तुमचा क्लास?"

"आज पहिलाच दिवस."

"अव्वाची चादर, अप्पा! मला कधी अंगावर घेऊ दिली नाही तिनं, आणि तुम्ही तलावाला पांघरलीत? उद्याच्या गाडीनं चलायचं. बोलायचं नाही!"

ठरलं होतं ते ठरलं होतं. "येतो," ते म्हणाले. "पण आधी ही पिळूया. नाहीतर वास धरेल."

तिनं रागारागानं दुसरं टोक धरलं. अप्पांनी पीळ घातला आणि असा हिसका दिला की वैजयंती तोंडावर पडता पडता वाचली.

"अप्पा, हळू! समोर माणूस आहे!"

"सवय राहिली नाही गं," अप्पा म्हणाले. "वर्षभर खिडकीच्या गजाला बांधून पिळतोय. गज कधी हळू म्हणत नाही."

वैजयंतीचे हात थांबले. चादरीतनं पाणी ठिबकत राहिलं. मग तिनं पाय रोवले आणि उलट्या बाजूनं पीळ घातला. पिळलं की चिखल, पुन्हा पिळलं की पुन्हा चिखल!

"नुसतं पिळून भागायचं नाही," ती शेवटी म्हणाली. आवाज हुबेहूब दानम्माचा. "दोन पाण्यांनी धुवायला लागेल. घरी चला."

रिक्षातून उतरताना अप्पांच्या लक्षात आलं. रविवार! पाण्याचा दिवस!

शेजारच्या शरणम्मा आपल्या काठोकाठ भरलेल्या पिंपावर झाकण ठेवत होत्या. "अप्पा, कुटं होता ओ? पाणी येऊन गेलं की! लई फोर्सनं आलतं आज." मग त्यांनी अप्पांना टाळूपासून तळव्यापर्यंत न्याहाळलं. "तुमी मात्र भरून आलासा."

अप्पांनी नळ सोडला. नळ खोकला, गुरगुरला, आणि त्यानं एक लांब सुस्कारा सोडला. आत नुसता वारा होता. एखादं शीड सहज भरलं असतं!

वैजयंती चिखलाची चादर मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"आता कधी येईल?"

"शुक्रवारी."

तिनं मोबाईलवर उद्याचं तिकीट बघितलं. मग चादरीकडं बघितलं, मग खिडकीच्या गजाकडं. गज मधोमध चांगलाच वाकला होता.

"शुक्रवारपर्यंत थांबते मी. ही एकट्यानं धुवायची नाही."

"आणि पुण्याचं?"

"आधी चादर वाळू दे. मग बघू."

अप्पांनी मान डोलावली आणि नळ बंद केला. वारा तरी वाया कशाला घालवायचा!