दांडा की खांदा

पद्माकरराव खासनीसांनी रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोला सांगून टाकलं, "आज गाडीच्या गिअरचा दांडा लोण्यासारखा करून टाकतो. साडेअकरापर्यंत काम फत्ते. बाराला जेवायला बसू."

सुलभाताईंनी कणीक मळायचा बेत दीड तास पुढे ढकलला. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात यजमानांच्या 'साडेअकरा'चा अर्थ त्यांना पक्का ठाऊक झाला होता.

आता, पद्माकररावांची बढाई अगदीच पोकळ होती असं नाही. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात सदतीस वर्षं त्यांनी मोजमापाची उपकरणं तपासली होती. केसाएवढी चूक त्यांना दहा फुटांवरून दिसायची, असं ते स्वतःच सांगत. घरातला अनुभव जरा वेगळा होता. त्यांनी मिक्सर दुरुस्त केला त्या दिवसापासून चटणी वाटायला घेतली की शेजारच्या खोलीतला पंखा मंद व्हायचा. पण गाडीच्या बाबतीत ते हट्टाला पेटले होते, आणि त्याला कारण होतं.

कारण म्हणजे ध्रुव, त्यांचा एकुलता एक मुलगा. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, तिथेच भाड्याचा फ्लॅट, लग्नाला आठ महिने. तीन आठवड्यांपूर्वी एका मुंजीहून परत येताना घराजवळच, के. आर. पुरमच्या पुलापाशी, सिग्नल सुटला आणि पद्माकररावांना दुसरा गिअर पडेना. मागून हॉर्नचा गदारोळ. शेजारी बसलेल्या ध्रुवने त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा ढकलला आणि तो खटकन बसला. मग ध्रुव म्हणाला, "बाबा, दांडा घट्ट नाहीये. तुमचा खांदा गेलाय. ही विकून टाका आता, ऑटोमॅटिक घेऊ."

एवढंच. पण त्या दिवसापासून पद्माकरराव मुलाशी बोलले नव्हते. ध्रुवने दोनदा फोन केला, तो त्यांनी सुलभाताईंकडे दिला. नंतर ध्रुवही रुसला. पद्माकररावांनी मनाशी ठरवलं होतं, की दांडा सुटला रे सुटला की आपणहून त्याला फोन करायचा आणि म्हणायचं, ये आणि एका बोटाने गिअर टाकून बघ. तोवर नाही. रोज रात्री नऊला, म्हणजे ध्रुवच्या फोनच्या वेळेला, ते उगाच पाणी प्यायला उठत आणि फोनकडे बघत, हे सुलभाताईंनी पाहिलं होतं.

तर साडेनऊला पद्माकरराव खाली पार्किंगमध्ये उतरले. गाडी एकोणीस वर्षांची. समोर फोन टेकवून त्यावर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या मुलाने दांड्याभोवतीचं रबरी कव्हर दोन मिनिटांत काढलं. पद्माकररावांना त्याला पस्तीस मिनिटं लागली. खाली चार बोल्ट होते. तीन सुटले. चौथ्यासाठी असा काही जोर लावावा लागला, की पद्माकररावांचा बनियन पिळून काढावा इतका भिजला. वॉचमन मंजप्पा काळजीने येऊन उभा राहिला.

"बिडि सार," तो म्हणाला. म्हणजे सोडा हो, साहेब.

"सोडतोय काय! सुटत आला," पद्माकरराव म्हणाले, आणि बोल्ट खरंच सुटला.

दांडा मुळासकट हातात आला. बुडाशी बसवलेलं नायलॉनचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, सुकून चिंचोक्यासारखं टणक झालं होतं, आणि त्यावर एकोणीस वर्षांचं ग्रीस मेणासारखं थिजलेलं. पद्माकररावांचा चेहरा उजळला. म्हणजे दोष दांड्याचाच होता! बुश गरम पाण्यात मऊ करून परत बसवायचं, व्हिडिओत सांगितलं होतं. ते दांडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाले. लिफ्ट शनिवारपासून बंद होती. जाताना मंजप्पाला म्हणाले, "स्वल्प नोडप्पा, ईग बंदे." गाडीकडे जरा बघ, आलोच.

फोन गाडीतच राहिला, व्हिडिओ चालू.

आता खाली काय झालं ते पद्माकररावांना दीड तासाने कळलं, पण आपण तेवढं थांबायचं कारण नाही. ते वर पोहोचून चहाच्या पातेल्यात बुश उकळायला टाकत होते, आणि सुलभाताई त्या पातेल्याकडे शेवटचं पाहावं तसं पाहत होत्या. तेवढ्यात गाडीतला फोन वाजला. फोन स्वानंदीचा होता, म्हणजे सुनेचा. नवरा आणि सासरे अडून बसले, तर निदान आपण बोलावं, म्हणून ध्रुव दाढी करत असताना तिने हळूच लावला होता. स्वानंदी पुण्याची. आठ महिन्यांत तिला कन्नडमधले 'स्वल्प', 'सरी' आणि 'बेडा', म्हणजे थोडं, बरं आणि नको, एवढे तीन शब्द आले होते.

मंजप्पाने फोन उचलला.

"बाबा?"

"नान मंजप्पा, अम्मा. वॉचमन."

"सर कुठायत? सर?"

"सार मेले," मंजप्पा म्हणाला. कन्नडमध्ये मेले म्हणजे वर. साहेब वरती आहेत. पण स्वानंदी हा शब्द लहानपणापासून एकाच अर्थाने ऐकत आली होती.

"काय?"

"मेले होद्रु, अम्मा." म्हणजे वर गेले.

ती पलंगावर बसली आणि कशीबशी म्हणाली, "क्या हुआ? हिंदी में बोलिए."

मंजप्पाला आपलं हिंदी बोलून दाखवायची संधी क्वचित मिळे. त्याने घसा साफ केला. "सार ऊपर गया. गाडी में बहुत जोर लगाया. पसीना पसीना हुआ. फिर ऊपर गया."

"कब?"

"अभी. पांच मिनट."

"और... और अम्मा?"

"अम्मा भी ऊप..." मंजप्पा म्हणाला, आणि तासभर व्हिडिओ चालवून दमलेल्या फोनची बॅटरी संपली.

स्वानंदीने ध्रुवला फक्त पहिली बातमी दिली. एका दिवशी किती सांगायचं? "बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. कोणत्या भाषेत गेले, हे विचारायचं ध्रुवला सुचलं नाही. त्याने अर्धी दाढी तशीच सोडली आणि किल्ली उचलली. आईचा फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं, कारण सुलभाताईंचा फोन बाराही महिने सायलेंटवर असतो.

इलेक्ट्रॉनिक सिटीहून के. आर. पुरम रविवारीही जवळ नाही. ऑटोमॅटिक गाडीत ध्रुवचा डावा हात सारखा दांडा शोधत होता. गाडी चालवायला तो बाबांच्या त्या जुन्या गाडीवर शिकला होता, आणि पहिले सहा महिने गिअर टाकताना त्याच्या हातावर बाबांचा हात असायचा. एका सिग्नलला तो एकदम म्हणाला, "स्वानंदी, मी त्यांना म्हणालो तुमचा खांदा गेला. आणि आता मीच त्यांना खांदा..." स्वानंदीने त्याचा तो डावा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने भगवंतरावांना फोन लावला. भगवंतराव म्हणजे बाबांचे कारखान्यातले जुने मित्र, होसकोटेला राहतात. कोणीतरी मोठं माणूस हवं ना अशा वेळी.

बारा वाजता पद्माकरराव परत खाली होते. बुश मऊ होऊन बसलं होतं, नवं ग्रीस लागलं होतं, आता फक्त एक क्लिप. त्यासाठी ते दोन्ही सीटवर आडवे पालथे पडले होते. डोकं खाली अंधारात, पाय दारातून बाहेर, एक चप्पल पायात आणि एक जमिनीवर. क्लिप बसायच्या क्षणाला ते श्वास रोखून निपचित पडले होते, आणि नेमका त्याच क्षणी ध्रुव पार्किंगमध्ये शिरला.

त्याने ते पाय पाहिले. धावत येऊन त्याने त्या पायांना मिठी मारली आणि खाली बसून ढसढसा रडायला लागला.

"कोण रे ते?" आतून आवाज आला. "पाय सोड. क्लिप बसतेय."

ध्रुवने पाय आणखी घट्ट धरले.

पद्माकररावांनी डोकं वर काढलं, वाटेत ते स्टिअरिंगवर आपटलं, आणि मग त्यांना मुलगा दिसला. अर्ध्या गालावर वाळलेला फेस, डोळे लाल. "ध्रुव? तू आत्ता कसा काय?" ते गडबडून म्हणाले. "अरे, अजून झालं नाही. झालं की मी फोन करणारच होतो तुला."

"तुम्ही गेलात म्हणून..."

"मी? कुठे?"

"वर."

"मग? गेलो होतो की. दांडा घेऊन."

ध्रुव हसतोय की रडतोय ते त्याचं त्यालाच कळेना. पद्माकररावांचे हात ग्रीसने काळे होते, म्हणून त्यांनी मनगटानेच मुलाच्या गालावरचा फेस पुसला. हा मुलगा दहावीनंतर त्यांच्यासमोर रडला नव्हता. तीन आठवडे आपण कशाला गप्प बसलो, याची त्यांना फार लाज वाटली. तेवढ्यात सुलभाताई जिन्यातून उतरल्या, आणि त्यांना जिवंत पाहून स्वानंदी जी गळ्यात पडून रडली, त्याचं कारण तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मंजप्पाची साक्ष झाली. "मेले अंदे सार," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. वर म्हणालो. "हिंदी में भी बोला."

"बरोबर आहे त्याचं," पद्माकरराव म्हणाले. "दोन भाषांत मारलं मला, पण माहिती अचूक दिली."

इतक्यात फाटकापाशी रिक्षा थांबली आणि पांढऱ्या शेवंतीचा भलामोठा हार हातावर घेऊन भगवंतराव उतरले. चार पावलं रडवेल्या चेहऱ्याने आले आणि समोर पाना घेऊन उभ्या असलेल्या पद्माकररावांना पाहून जागीच थबकले.

"पद्म्या," ते म्हणाले, "मी रस्ताभर तुझे गुण आठवत आलो रे. आता सगळे परत घेऊ का?"

"हाराचं काय करायचं ते बोला," सुलभाताई म्हणाल्या.

हार गाडीच्या तोंडाला बांधला. भगवंतरावांनी हात जोडले ते सवयीनेच.

शेवटची क्लिप बापलेकांनी मिळून बसवली. वरून पद्माकररावांनी दांडा धरला, आणि खालून ध्रुवने, चांगल्या शर्टाची पर्वा न करता गाडीखाली झोपून, क्लिप दाबली. टक असा आवाज आला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. दांडा खरोखर लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. ध्रुवने एका बोटाने गिअर टाकून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, चुकलो मी. दांडाच घट्ट होता."

पद्माकररावांची छाती दोन इंच पुढे आली होती. केसाएवढं मोजणाऱ्याला ते नक्की कळलं असणार.

मग सगळ्यांना जेवण थांबवून ठेवायला सांगून ते ध्रुवला घेऊन चक्कर मारायला निघाले. गाडीच्या तोंडाला पांढरा हार. रस्त्यावरचे लोक वाट देत होते, एकाने तर टोपी काढली. पहिला पडला. दुसरा पडला. चौकाच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि पद्माकररावांनी ऐटीत तिसऱ्यासाठी हात पुढे केला. दांडा अलगद सरकला. पण पद्माकररावांच्या खांद्यात अशी सणक गेली, की तोंडून "आई गं" निघून गेलं.

पद्माकरराव समोर बघत राहिले. कान लाल झाले होते.

ध्रुव खिडकीबाहेर पाहत होता. मग त्याने दांड्यावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, अजून जरासा घट्टच आहे हो दांडा."

सदतीस वर्षांत पद्माकररावांनी एकही खोटी नोंद केली नव्हती.

"आहे खरा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत उघडावा लागेल. येशील?"